उरलेल्या अठरा

आमचे हे कुणाच्या अध्यात ना मध्यात. निर्मळला आमची वाडी आहे, राजेळी केळी आणि थोडा मोगरा. एकसष्ट वर्षांत या माणसाने घर, वाडी आणि बाजार यापलीकडे कधी भानगड केली नाही. अशा माणसाला निवडणुकीच्या बंदोबस्तावर आलेल्या जवानांनी भर नाक्यात उठाबशा काढायला लावल्या. गुन्हा काय, तर स्कूटरवर कोयता सापडला. आता केळीचा घड काय नेलकटरने उतरवायचा?

त्या जवानांनी आठवडाभर उच्छाद मांडला होता. प्रत्येक टोपलीतली एक पपई ‘चेकिंग’ला जायची आणि परत यायची नाही. याला उन्हात उभं कर, त्याच्या गाडीची चावी काढून घे. खांद्याला बंदूक असल्यावर विचारणार कोण? ह्यांनी ‘साब, केला काटने का है’ एवढंच सांगितलं, तर जवानांचा हवालदार म्हणाला, ‘ए बुढ्ढे, जबान चलाता है? चल, पचास!’ बत्तिसाव्या उठाबशीला ह्यांचा गुडघा गेला आणि हे रस्त्यातच बसले. कोयता जप्त झाला.

तेव्हापासून हे घराबाहेर पडेनात. घड उतरवायला आलेले, आणि हे आपले भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी घरातला दुसरा कोयता पुढ्यात ठेवला, तर म्हणाले, ‘विनया, सगळ्यांनी बघितलं गं.’ मग राग आला, आणि माझा राग अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

चौथ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि नाक्यावर हवालदारासमोर जाऊन उभी राहिले.

‘उस दिन हमारे मिस्टर को पचास बोला था ना? बत्तीस हुआ. अठरा बाकी है, वो मैं करने को आयी,’ असं सांगून मी पदर खोचला आणि कान धरले.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. लावणीच्या दिवसांत एखाद्या घरचं माणूस पडलं, तर त्याचं उरलेलं शेत गावाने लावून द्यायचं. बोलावणं लागत नाही. पण गाव उठाबशांनाही ती रीत लावेल, हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

माझ्या चार झाल्या आणि नंदाखाल गावच्या सालोमीने भाजीची टोपली खाली ठेवली. ‘बाय, तू बस. दोन मी काढते.’

‘तीन माझ्या,’ म्हणत श्रीपतकाका पुढे आले. वय एकोणऐंशी.

‘काका, तुम्ही राहू द्या, मी एका दमात सगळ्या मारतो,’ असं जिमवाला विघ्नेश म्हणाला, तर सगळे त्याच्यावर तुटून पडले.

‘सगल्या तूच काडल्या तर आमी काय करायचा?’ श्रीपतकाका ओरडले. ‘रांगेत ये!’

बघता बघता रांग लागली. मोजायला कुणी नव्हतं, त्यामुळे भांडण जुंपलं. सालोमी म्हणे अकरा झाल्या, काका म्हणे नऊ.

‘हवालदारसाहेब, आप बोलो कितना हुआ,’ मी म्हटलं. त्याला काय कळणार? तो नुसता घाम पुसत होता. मागून एक कोवळा जवान बोलून गेला, ‘सर, दस हुए हैं,’ तसे हवालदाराने त्याच्यावर डोळे वटारले. वाद मिटेना म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं ठरलं. तोवर मागे टेम्पो, स्कूल बस आणि दोन डंपर अडकून हॉर्न बडवत होते.

‘बस कीजिए, माताजी!’ हवालदाराने हात जोडले. ‘सब जाइए. कोयता भी ले जाइए.’

‘आज माताजी काय!’ मी म्हटलं. ‘माझ्याकडे नको. ज्यांच्या हातातून घेतला, त्यांच्या हातात दे.’

एवढ्यात हे आले. बायको नाक्यावर कान धरून उभी आहे हे कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. बनियनवर, अनवाणी, लंगडत. रांगेतल्या एकेकाकडे त्यांनी पाहिलं. श्रीपतकाका अजून खाली बसलेलेच होते, त्यांना उठता येत नव्हतं. ह्यांनी आधी काकांना हात देऊन उठवलं.

हवालदाराने कोयता पुढे केला. ह्यांनी घेतला नाही.

‘पहले मेरा नाम पूछो,’ हे म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

‘...आपका नाम?’

‘सदानंद राऊत. अब चेक करो. डिकी खोलता हूं. कायद्याने बघायचं ते बघा, आम्ही थांबू. पण नावाने बोलायचं.’

त्यांनी माझ्या हातातून चावी घेऊन डिकी उघडली. हवालदाराने खरोखर वाकून आत पाहिलं. एक फडकं आणि सुतळीचा गुंडा होता. मग त्याने कोयता दोन्ही हातांनी दिला.

‘ठीक है, सदानंदजी. जाइए.’

हे स्कूटरवर बसले, मी मागे. नाका मागे पडेपर्यंत मान ताठ. वाडीच्या वळणावर मात्र त्यांनी स्कूटर थांबवली आणि हँडलवर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. उठाबशा काढताना रडले नव्हते. मीही त्यांच्या पाठीला टेकून रडून घेतलं.

मग त्यांनी बनियनला नाक पुसलं.

‘तू किती काढल्यास?’

‘चार.’

‘एवढ्यात दमलीस?’ असं म्हणून त्यांनी स्कूटर चालू केली.