जळका कोपरा

मी एक जुनी सतरंजी हाय, मित्रांनो. लिंबागणेशजवळच्या शाळेत पहिलीच्या वर्गात पडलेली. नवी होते तवा झेंडावंदनाला मोठी माणसं माझ्यावर बसायची. लई मिरवायचे मी. मग एकदा सरस्वतीपूजनाला उदबत्ती पडली, कोपरा जळला, भोक पडलं. तवापासून पाहुणे येणार म्हणलं की मला धडकी भरती.

त्या कोपऱ्यावर कुणी पोर बसंना. एकटा आदिनाथ बसायचा. तो स्वमग्न हाय. बोलतो कमी, नजर देत न्हाई, खूश झाला की हात पाखरावानी फडफडवतो. आईबाप ऊसतोडीला गेलेले, आजी मंजुळाबाई सांभाळती त्याला. जळक्या कडेचे दोरे बोटाला गुंडाळत बसला की तासभर शांत. वर्षाराणी बाई कविता म्हणायच्या, तवा ओळीतला शेवटचा शब्द तो हळूच म्हणायचा. खाली मलाच ऐकू यायचा.

एक दिवस कळलं, तालुक्याहून तपासणीच्या मॅडम येणार. आदिनाथनं याच वर्गात शिकायचं का बीडला वसतिगृहाच्या शाळेत जायचं, ते त्याला बघून ठरणार.

हेडमास्तर सुंदरराव सर म्हणले, आधी हे फाटकं उचला. मला गुंडाळून कपाटामागं उभं केलं आणि गणेश मंडळाचा लाल गालिचा मागून आणला. खरं सांगते, मला बरं वाटलं. अब्रू झाकली.

आजीनंबी तेच केलतं. नवा सदरा घातला आणि दारातबी बजावलं, "हात काखंत धर. हलवायचे न्हाई."

आदिनाथ सरळ कोपऱ्याकडं गेला. मी नव्हते. त्यानं दोनचार गिरक्या घेतल्या, मग किंचाळला, मनगट चावायला लागला. मॅडमनी चित्रं दाखवली, त्यानं बघितलंबी न्हाई. सर हळूच म्हणले, असंच हाय बघा हे, वर्गात कसं ठेवायचं. आजी मान खाली घालून बसली. मग एकदम म्हणली,

"सर, त्याची सतरंजी कशाला काढली?"

"फाटकी हाय ती, आजी. मॅडमपुढं कशी टाकायची?"

मॅडम म्हणाल्या, "सतरंजी तपासायला मी नाही आले, सर. आणा ती."

मला भर वर्गात उलगडलं. जळका कोपरा सगळ्यांपुढं. मेल्याहून मेले मी. आदिनाथ येऊन उपडा पडला, बोटाला दोरा गुंडाळला. लई वेळ तसाच. चित्रांची उत्तरं त्यानं शेवटपर्यंत दिलीच न्हाईत. पण बाईंनी कविता धरली आणि शेवटचा शब्द आला. या वेळी सगळ्यांना ऐकू गेला. हात फडफडले. आजी धरायला धावली.

"राहू द्या, आजी," मॅडम म्हणाल्या. जाताना सांगून गेल्या, हा इथंच शिकंल, मी परत येऊन बघीन, तोवर त्याची जागा हलवू नका.

दुसऱ्या दिवशी आजी सुईदोरा घेऊन आली. माझ्या उसवलेल्या कडा सगळ्या शिवल्या. जळका कोपरा तेवढा सोडला.

मित्रांनो, पाहुणे आले तरी मला हाय तशी अंथरा. त्याचे हात काखंत कोंबू नका. तवा कपाटामागं मला बरं वाटलतं त्याची आता लाज वाटती, आणि ती काय सुईदोऱ्यानं शिवता येत न्हाई.