मागच्या कप्प्यातला आवाज

मित्रांनो, केनवडच्या एका टायपिंग वर्गात, खिडकीलगतच्या तिसऱ्या टेबलावर जो जुना संगणक दिसतो, तो मी. माझ्या पोटातला पंखा सुरू होताना खरखरतो आणि मुले हसतात. त्यांच्या हसण्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट ज्याचे वाटते ते निराळे आहे, आणि ते सांगण्याचा धीर मी आज कसाबसा गोळा केला आहे.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. वाशीमच्या एका दुकानात, वेगवेगळ्या खोक्यांतून निघालेले भाग एकत्र जोडले गेले आणि मी झालो. मला रिसोडला नेले ते देवमन यांनी. ते वाशीमच्या एका कार्यालयात लिपिक होते. माझा पडदा त्यांनी एस.टी.त मांडीवर धरून आणला. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांनी जुन्या लुगड्याचे झाकण शिवून मला पांघरले. दहावीचा निकाल लागला की अर्धी गल्ली माझ्यापुढे उभी राही. त्या काळी माझा मोठा मान होता.

देवमन गाणी रचत. दर रविवारी दुपारी ते माइक असलेला हेडफोन डोक्याला लावत, टेबलावर बोटांनी ताल धरत आणि गात; मी ते टिपून ठेवी. आवाज थोडा घोगरा होता, पण आतून येणारा होता. स्वयंपाकघरातून दुर्गाबाई ओरडत, "अवो, जरा दमानं! वरण उतू चाललं, अन् मी इथं तुमचं गाणं आयकत बसली!"

दुर्गाबाईंना वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी पतीची गाणी म्हणजे केवळ आवाज होता.

माझ्या स्मृतीचे दोन कप्पे होते. दुरुस्तीला येणारा माणूस दर वेळी बजावे, "साहेब, पुढच्या सी ड्राइव्हमधी काई ठेवू नका. फॉरमॅट मारला का सगळं उडते. जपून ठेवाचं ते मागं, डी मधी." देवमन यांनी हे मनोभावे पाळले. आपली एक्केचाळीस गाणी त्यांनी मागच्या कप्प्यात ठेवली आणि पडद्यावर, हाताशी, त्यांच्याकडे नेणारी लहान चित्रे मांडली. प्रत्येक चित्राखाली गाण्याचे नाव, कोपऱ्यात इवलासा बाण. ती चित्रे म्हणजे गाणी नव्हती. गाणे कुठे आहे, एवढेच सांगणाऱ्या त्या पाट्या होत्या.

मागच्या वर्षी देवमन गेले. दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा उत्कर्ष याने नवा लॅपटॉप घेतला आणि मला टायपिंग वर्गाला देण्याचे ठरले. त्या दिवशी त्याने पडद्यावरची सारी चित्रे निवडली आणि पेनड्राइव्हवर उतरवली. काम क्षणात संपले.

"एवढ्या लवकर?" त्याची बहीण पिंकी म्हणाली. "दादा, बाबाइचे गाणे तं लय हायेत."

"पेनड्राइव्ह नवा हाय, पिंके. तुया मोबाइलसारखा लंगडा नाही."

"एक लावून तं पाय!"

उत्कर्षचे बोट लॅपटॉपवरच्या पहिल्या नावाकडे गेले. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या दुर्गाबाई म्हणाल्या, "नको लावू रे बाप्पा. मले आयकवत नाही आता. वर्षाच्या पुण्यानुमोदनाले लावू. सगळ्याइले बलावू."

उत्कर्षने हात मागे घेतला. "बरं, नाही लावत. पण हे पाय आई, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आले."

दुर्गाबाईंनी त्या न वाचता येणाऱ्या नावांवरून हळूच बोट फिरवले.

मित्रांनो, त्या वेळी मी चालूच होतो. पेनड्राइव्हवर गेल्या त्या नुसत्या पाट्या, आवाज अजून माझ्याजवळच आहे, हे मला ठाऊक होते. पण विचारल्यावाचून काही सांगण्याची मुभा आम्हाला नसते, आणि मला कोणी विचारले नाही. माझी तार उपसली गेली.

केनवडला आल्यावर वर्ग चालवणाऱ्या विकास सरांनी मला पूर्ण पुसले आणि दोन कप्प्यांचा एक कप्पा केला. त्यात त्यांची काही चूक नव्हती. मग दहा महिने मुलांचे धडे, अर्ज आणि चित्रफिती माझ्यात थरावर थर साठत गेल्या.

एका सकाळी उत्कर्ष आईला घेऊन वर्गात आला. आदल्या दिवशी देवमन यांच्या पहिल्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनासाठी माणसे जमली होती, स्पीकर जोडला होता, आणि लॅपटॉपवर एकही गाणे उघडले नव्हते. विकास सरांनी सकाळची बॅच बाहेर थांबवली. तासभर ते माझ्या अंतरंगात शोधत राहिले. दुर्गाबाई माझ्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसून होत्या.

"मावशी," शेवटी सर खालच्या आवाजात म्हणाले, "पुरा पुसला होता मी याले. वरून दहा महिने पोराइचं लिवणं. आता काई निंघत नाही."

"गाणं जाऊ द्या मास्तर. एखांद्या जागी खोकलले असतीन ते. तेवढं तरी पाहा नं."

सरांनी माझ्या कळांवरून हात काढून घेतला.

"आई, मायी चूक झाली," उत्कर्ष म्हणाला.

"तुई नाही रे. तू तं लावून राह्यला होता. मीच नको म्हणलं." त्या उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराबाहेर ताटकळलेल्या मुलांना म्हणाल्या, "जा बाप्पा, बसा. तुमचा टाइम चालला."

त्यांची पावले पायरीवरून उतरली. क्षणभरात माझ्या कळांवर कोवळी बोटे पडली आणि पडद्यावर एकच अक्षर पुन्हा पुन्हा उमटू लागले.

मित्रांनो, त्या गाण्यांचा एक शब्दही आज माझ्याजवळ नाही. ती कधी माझ्यात होती, एवढेच काय ते उरले आहे. म्हणून एक विनवणी करतो. जुन्याकडून नव्याकडे काही नेताना, जुन्याची तार काढण्यापूर्वी, नव्यावर ते उघडून पाहा. आणि ज्याचा आवाज आता ऐकवणार नाही असे वाटते, त्याचा आवाज त्याच दिवशी ऐका. रडू येईल. येऊ द्या.