आधी दावं सोडा

काशीराम भांडुपच्या एका सोसायटीच्या गेटवर ड्यूटीला होता, तेव्हा गावाहून शेजारच्या बाळाचा फोन आला.

"दादा, वहिनी गेली."

"कुठं? माहेरी?" काशीरामने विचारलं. पावसाचे दिवस, वाडीमागच्या ओढ्याला, पऱ्याला, पाणी चढलेलं. तुळसा भावाकडे गेली असेल तर शहाणपणच केलान, असंच त्याला वाटलं. मग मागून बायकांचं रडणं ऐकू आलं, आणि कुठं गेली ते त्याला कळलं.

पऱ्याचं पाणी घरांत शिरायच्या आत सगळी वाडी बाहेर पडली होती. तुळसाही पडली होती. पण गाय गोठ्यात बांधलेली राहिली म्हणून ती अर्ध्या वाटेवरून मागे फिरली. गाय पोहत वर आली, तुळसा आली नाही. बाळाने आणि वाडीतल्या पोरांनी चिखलात उतरून तिला शोधलं. काशीराम पोचेपर्यंत कुणाच्या घरात चूल पेटली नव्हती. हे तो जन्मात विसरणार नव्हता.

तो परत मुंबईला गेला नाही. मनात मात्र तुळसावर राग धरून बसला. एका जनावरापायी जीव घालवलान.

लेक अक्षया रत्नागिरीत नोकरीला. तिनेच सांगितलं, इथल्या एका कॉलेजात सुरक्षा व्यवस्थापन आणि आपत्कालीन नियोजनाचा वर्षभराचा कोर्स आहे.

"या वयात?"

"बारावी झालेलं कुणीही चालतं, बाबा. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं."

वर्गात सगळी अक्षयाच्या वयाची. शमिका नावाची मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, शिकायला बसलाय की आमच्यावर लक्ष ठेवायला?"

"सवय आहे गो. दोन्ही करतो," काशीराम म्हणाला. त्यानंतर ती रोज त्याच्या शेजारी बसू लागली. कम्प्युटरवर नकाशा काढायला त्याला तिनेच शिकवलं, न चिडता.

शिकवायला तेजस्वी मॅडम होत्या. आग, गॅसगळती, जत्रेतली गर्दी, पूर, सगळं शिकवत. एकदा त्या म्हणाल्या, "संकटात माणूस नवं काही करत नाही. रोज करतो तेच करतो. त्याला दोष देऊ नका. त्याचं रोजचं काय आहे ते आधी बघा."

काशीराम वही मिटून बसला. तुळसा रोज उठून पहिलं काम करायची ते गाईचं दावं सोडायचं. त्या दिवशी त्याचा राग गेला. मॅडमना ते सांगणं त्याला जमलं नाही.

शेवटच्या सहामाहीत प्रत्येकाने एका वस्तीसाठी आराखडा करून त्याची रंगीत तालीम घ्यायची होती. काशीरामने आपलीच वाडी घेतली. त्याला एकच हवं होतं, पुन्हा कुणी मागे फिरता कामा नये.

ठरलं असं, की देवळातला ढोल वाजला की सगळ्यांनी शाळेच्या पटांगणात यायचं. बाळाने ढोल वाजवला. मॅडम, शमिका आणि काशीराम पटांगणात उभे. एक माणूस येईल तर शपथ. वाडी जमली होती सहाणेवर, शिमग्यात देवीची पालखी टेकते त्या चौथऱ्याजवळ. त्याची चुलत काकी येसूबाई तर नारळ घेऊन आलेली.

"काकी, शाळेत यायचं सांगितलं होतं ना?"

"ढोल वाजल्यावर शालेत कोन जातं रं? मी बोलले देवी बायेर निघाली."

मॅडम हसल्या. "ही जागा शाळेपेक्षा उंच आहे?"

"पुष्कळ," काशीराम म्हणाला.

"मग माणसं बरोबर आली. आपणच चुकलो. आराखडा बदला."

दुसऱ्यांदा ढोल वाजला. या वेळी तिघे सहाणेवरच थांबले. माणसं भराभर चढू लागली. आणि निम्म्या वाटेवरून येसूबाई मागे वळली.

"काकी, थांब!"

"गाय बांदलेली हाय माजी."

शमिकाने काशीरामचा हात धरला. मॅडम खाली उतरून येसूबाईपाशी गेल्या.

"आजी, आम्ही नको म्हटलं तर थांबाल?"

"नाय थांबनार. खोटं कशाला बोलू?"

"मग गाय आधी वर पाठवली तर?"

"असं बोला की. मंग मी तुमच्या आधी वर."

तिथंच बसून सगळ्यांनी ठरवलं. पावसाचा इशारा आला की ढोलाच्या आधी दावी सोडायची, गुरं वरच्या कातळावर न्यायची, ते काम बाळाच्या घराकडे. तिसऱ्या ढोलाला एकही माणूस मागे फिरला नाही. येसूबाई सगळ्यांत पुढे होती, आणि बाळाला सांगत होती की तिच्या गाईला दगड मारलास तर बघ.

काशीराम मॅडमसमोर उभा राहिला. "मॅडम, आमच्या मंडळी..." एवढंच बोलला.

"माहीत आहे, काका. अक्षयाने प्रवेशाच्या वेळीच सांगितलं होतं."

वर्षभर त्यांनी त्याला एकदाही ते जाणवू दिलं नव्हतं. काशीरामने हात जोडले.

आता आराखडा ग्रामपंचायतीने मान्य केला आहे. कातळावर गुरं अडवायला जांभ्या दगडाचा गडगा घालायचा आहे. तो अजून घातलेला नाही.