एकवीस पटीचा पिस्टन

उद्यमनगरात इंजिनं दुरुस्त करणाऱ्या आकाराम मेस्त्रीला शिकवायला कुणी जात नसे. शिकवणाऱ्याचाच तो तास घ्यायचा. पेठ वडगावच्या बाळाबाई मात्र थेट भांडायलाच आल्या. त्यांच्या गुऱ्हाळावरचं डिझेल इंजिन चरक ओढेना झालं होतं.

"मेस्त्री, इंजनाला दम न्हाय. ऊस घातला की कण्हतंय."

"दम भरतो की!"

आकारामाचं गणित सोपं होतं. सिलिंडरात हवा जितकी जास्त दाबाल, तितकी ताकद जास्त. मूळ इंजिन हवा सतरा पट दाबायचं. यानं उंच माथ्याचा पिस्टन ओतून घेतला आणि दाब एकवीस पटीवर नेला.

पहिल्याच दिवशी हँडलनं उलटा झटका देऊन मेस्त्रीला गटारात बसवलं. "बघा, ताकद!" तो गटारातूनच म्हणाला.

आठवड्यात बाळाबाई परत हजर. "आवाज इलेक्शनच्या उमेदवारागत आलाय. ऊस मातर तेवढाच, आन् डिझेल ढोसतंय!"

शेवटी आकाराम भाचीकडं गेला. क्रांती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. तिनं इंजिन चाचणीच्या बाकावर चढवलं.

"मामा, डिझेल बंद. विजेच्या मोटरनं नुसतं फिरवू. फिरवायला जेवढी ताकद लागंल, तेवढी ह्ये स्वतःच खातंय."

आधी नवा पिस्टन, मग जुना. नव्यानं जवळपास अर्धा हॉर्सपॉवर जास्त खाल्ला.

"दाब वाढला की पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला जोरात चिकटत्यात, बेअरिंगवर भार येतोय," क्रांती म्हणाली. "दाबून कमावलं, ते घासण्यात गेलं. वर थोडं पदरचं बी गेलं."

"तुझं मीटर खोटं बोलतंय."

तिनं पुन्हा मोजलं. आकडा तोच. आकारामानं सिलिंडर उघडला आणि आतून नख फिरवलं. नख ओरखड्यात अडकलं. मीटरवर नसला तरी नखावर त्याचा विश्वास होता. कान लाल झाले.

मग तो निमूट कामाला लागला. सिलिंडर घासून घेतला, जुना पिस्टन बसवला, रिंगा नव्या टाकल्या. आणि आता सगळं उघडलंच आहे म्हणून डिझेल फवारणारा नोझल तपासला, तर तो कचऱ्यानं तुंबलेला. मूळ दुखणं तेच. साफ केल्यावर इंजिन चरक फराफरा ओढू लागलं.

"मंग ह्ये पयलं का न्हाय बघितलं?" मजुरी द्यायला वर्कशॉपात आलेल्या बाळाबाईंनी विचारलं.

आकाराम हात पुसत राहिला.

"लई सोपं हुतं ओ, म्हणून."

बाळाबाई अशा हसल्या, की शेजारच्या लेथवाल्यानं मशीन बंद करून डोकावून बघितलं.