एकाच नावाची भिंत

नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात तिला सगळे कलाबाई म्हणायचे, आणि त्यात कौतुकापेक्षा थट्टाच जास्त असायची. शहरात एक नियम होता. कुणीही मोठी इमारत उभी केली की खर्चातला थोडा भाग एखाद्या कलाकृतीवर घालायचा, आणि ती रस्त्यावरच्या कुणालाही फुकट बघता येईल अशा जागी लावायची. शिल्प असो, भित्तिचित्र असो, नाहीतर कारंजं असो. हा नियम पाळला जातोय की नाही हे बघायला खात्याच्या अगदी टोकाला, झेरॉक्स मशीनला खेटून एक टेबल होतं आणि त्या टेबलाशी ती एकतीस वर्षं बसत होती. "आधी जिने, मग लिफ्ट, मग पाण्याची टाकी, आणि उरलंसुरलं तर कलाबाईंची हौस," असं इंजिनिअर मंडळी म्हणत. ती हसण्यावारी न्यायची.

त्या टेबलावर एके सकाळी बाजारपेठेतल्या जुन्या व्यापारी इमारतीची फाइल आली. इमारत पाडून तिथे वीस मजली नवी बांधायची होती. त्या इमारतीत शिरायच्या बोळात नियमाखाली झालेलं शहरातलं सगळ्यात पहिलं काम होतं. भाजलेल्या मातीच्या फरशांची लांबलचक भिंत, आणि तिच्यावर रांगेत उभी असलेली त्र्याहत्तर माणसं. कुणी जांभई देतंय, कुणी पायावरचा भार बदलतंय, कुणी पुढच्याच्या खांद्यावरून डोकावतंय. मालकाचा अर्ज रीतसर होता. जुनी कलाकृती काढायची परवानगी द्यावी, नव्या इमारतीत नियमाप्रमाणे नवी लावू. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. ज्या नियमाने भिंत जन्माला घातली, तोच तिच्या मुळावर आला होता.

अशा वेळी कलावंताला कळवायचं असतं. तिने पत्र पाठवलं आणि चौथ्या दिवशी मास्तर स्वतः आले. कला महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली होती. तेव्हा कलाबाई भेटून आली होती, त्यानंतर गाठ आत्ताच पडत होती.

"सर, पाडू देऊ नका असं सांगायला आलात ना?" तिने खुर्ची पुढे करत विचारलं. "माझ्या हातात फारसं काही नाही हो."

"पाडू देत," मास्तर म्हणाले. "मी दुसऱ्याच कामाला आलोय. तुमच्या रजिस्टरात त्या भिंतीपुढे माझं नाव आहे. ते चुकीचं आहे."

"चुकीचं म्हणजे? स्पेलिंग?"

"ती भिंत मी केलेली नाही, बाई. माझ्या बायकोने केली."

शेजारच्या मशीनवर कुणीतरी नकाशे काढत होतं. ते काढून तो माणूस निघून गेला. मग मास्तरांनी सांगितलं. काम मिळालं त्याच महिन्यात ते परांचीवरून पडले होते. उजवं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. बोटांत पेन्सिलसुद्धा धरता येईना. काम हातचं जाईल म्हणून दोघांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. "मी हात खिशात घालून मीटिंगांना यायचो. लोकांना वाटायचं, केवढी ही ऐट." नऊ महिने बायको राबली. दवाखान्यात, पोस्टात, बसथांब्यावर वही घेऊन बसायची, माणसं टिपायची, घरी येऊन मातीत घडवायची. मास्तर भट्टीवर लक्ष ठेवायचे, तेवढंच.

"मग नंतर का नाही सांगितलंत?"

"नंतर हात बरा झाला आणि जीभ जड झाली. त्या भिंतीच्या जोरावर मला महाविद्यालयात घेतलं. ती म्हणायची, असू दे, घर तर चालतंय. पण तिने परत मातीला हात लावला नाही. विचारलं की म्हणायची, आता वेळ कुठाय. आणि मी मान डोलवायचो."

कलाबाईला ते जोडपं याच टेबलासमोर उभं असलेलं लख्ख आठवत होतं. ती तेव्हा नोकरीला नुकतीच लागलेली. काम पूर्ण झाल्याचा फॉर्म वहिनींनीच भरला होता, त्यांच्या नखांत लाल माती होती. 'कलावंताचे नाव' या ओळीशी त्या थांबल्या, तेव्हा कलाबाईने विचारलं होतं, "वहिनी, तुमचंही लिहायचं का?" वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "एकच नाव पुरे." कलाबाईला तेव्हाच काहीतरी कळलं होतं. कळलं होतं, आणि तिने फॉर्मला टाचणी मारून तो ट्रेमध्ये टाकला होता.

"मी त्यांना विचारलं होतं, सर," ती आत्ता म्हणाली. "तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात."

"मला ऐकू आलं होतं," मास्तर म्हणाले.

तिने त्यांचा जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि विषय कला समितीपुढे ठेवला. समिती महिन्यातून एकदा बसायची. अध्यक्ष भला माणूस, पण वाद म्हटला की अंग चोरणारा. भिंत काढायची परवानगी दोन मिनिटांत मंजूर झाली. नावाच्या दुरुस्तीवर मात्र सगळे अडून बसले.

"पुरावा काय?" कायदा अधिकाऱ्याने विचारलं. "मास्तरांच्या पत्नीच्या वह्या वगैरे असतील ना?"

"घर बदललं तेव्हा त्यांनी रद्दीत दिल्या," कलाबाई म्हणाली. "पण खुद्द मास्तर सांगतायत. स्वतःचं नाव काढा म्हणतायत. खोटं बोलून त्यांना काय मिळणार आहे?"

"मग तेव्हा पालिकेला खोटी माहिती दिली असा अर्थ होतो. ते नोंदवून घ्यायचं तर पुढचं लचांड मागे लागेल."

"बाई," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "भिंत पडायला आलीय. आता तिची पाटी कशाला बदलायची? पुढच्या बैठकीत बघू."

पुढची बैठक म्हणजे पुढचा महिना. पाडकाम त्याच्या आधीच सुरू होणार होतं. कलाबाईने परवानगीच्या कागदात एवढी एक अट घालून घेतली, की फरशा निघतील तशा काढून कलावंताच्या घरच्यांना द्याव्यात. अट कुणाला खुपली नाही, कारण त्याने काही अडत नव्हतं.

ठरल्या दिवशी सकाळी ती साइटवर पोचली तेव्हा मास्तर आणि त्यांची लेक बोळाच्या तोंडाशी उभे होते. लेक एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची, चाळिशीच्या आसपासची. तिचा चेहरा बघूनच कलाबाईला कळलं की बापाने तिला सगळं आजच, वाटेत सांगितलंय.

पाडकामाचा मुकादम हातोडा आणि छिन्नी घेऊन आला. भिंतीवर त्याने बोटाने टकटक केलं. "बाई, ज्यांनी बसवलंय त्यांनी जन्मासाठी बसवलंय. सिमेंट आत मुरलंय. निघतील ते तुकडेच."

"जरा थांबाल?" लेक म्हणाली. "मला एकदा बघू दे."

ती एका टोकापासून बघत निघाली. लहानपणापासून ती भिंत तिने पन्नासदा पाहिली होती, पण बाबांची भिंत म्हणून. आता ती एकेका चेहऱ्याशी थांबत होती. खालच्या मजल्यावरच्या आजी, दूधवाला, शाळेच्या फाटकावरचा शिपाई. मधेच ती स्वतःच होती, सात वर्षांची, एक मोजा पोटरीवर, दुसरा घसरून घोट्यावर आलेला. तिथे ती बराच वेळ थांबली. मग शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा सुरुवातीला आली.

"आई कुठेय?" तिने विचारलं.

"नाहीये ती," मास्तर म्हणाले. "मी विचारलं होतं तिला. म्हणाली, मी काम करत होते, रांगेत कधी उभी राहणार?"

लेक पुन्हा मोजेवाल्या मुलीपाशी गेली. तिथूनच म्हणाली, "शाळेत मी निबंध लिहिला होता, माझे वडील शिल्पकार. या भिंतीवरच होता तो. बक्षीस मिळालं होतं. आठवतं तुम्हाला?"

"आठवतं."

"तो आईने तपासून दिला होता, बाबा. शुद्धलेखन तपासलं तिने त्याचं. एक चूक निघाली, ती दुरुस्त केली आणि वही मला परत दिली."

मास्तरांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कलाबाईला वाटलं आपण इथून निघावं, पण पंचनाम्यावर तिची सही लागणार होती.

मुकादमाने मनापासून खटपट केली. कडेचं सिमेंट खरवडलं, पाणी मारलं, पाचर घातली, आपल्या माणसांना हळू हळू म्हणून चार वेळा बजावलं. पहिली फरशी मधोमध तडकली. दुसरीचे सात तुकडे झाले. मोजेवाल्या मुलीला त्याने स्वतः हात घातला, आणि ती गुडघ्यापाशी तुटली. दुपारपर्यंत दीडशे फरशांपैकी अखंड अशी एकही हाती लागली नाही. "माफ करा, काका," तो मास्तरांना म्हणाला. "दुसऱ्या कुणी बसवली असती तर निघाली असती." मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लेक तोवर निघून गेली होती, एकटीच, एकही तुकडा न घेता. कलाबाईने पंचनामा लिहिला: कलाकृती पूर्णतः भग्न.

पुढच्या महिन्यात समिती बसली. या वेळी कलाबाईने आवाज चढवला, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. ज्या फॉर्मवर चुकीचं नाव पडलं तो मीच घेतला होता, मला तेव्हाच शंका आली होती, हेही तिने सांगून टाकलं. सभागृहात चुळबूळ झाली. शेवटी कायदा अधिकाऱ्याने तोडगा काढला. मास्तरांचं नाव राहू द्यावं आणि त्यापुढे त्यांच्या पत्नीचं नाव 'सहकलाकार' म्हणून जोडावं.

"सह कशाला? सगळं काम त्यांनी केलंय."

"एवढं तरी पदरात पाडून घ्या, बाई," अध्यक्ष म्हणाले.

तिने पाडून घेतलं. रजिस्टरात स्वतःच्या अक्षरात नोंद केली आणि पत्र टपालाने न पाठवता हातानेच घेऊन गेली. मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. सिंकमध्ये एक ताटली, एक पेला. त्यांनी चष्मा शोधून पत्र वाचलं, पुन्हा वाचलं.

"ती माझ्यासह नव्हती हो," ते म्हणाले. "मी तिच्यासह होतो. परत अर्ज केला तर?"

"घेणार नाहीत, सर. आता कलाकृतीच अस्तित्वात नाही."

"हं. दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर भिंत तरी होती." मग पत्राची घडी घालत म्हणाले, "दहा वर्षांपूर्वी आलो असतो तर भिंत आणि ती, दोघीही होत्या."

लेक पाडकामाच्या दिवसापासून फिरकली नव्हती. कलाबाईने जिन्यातूनच तिला फोन लावला. काय बोलावं हे ठरवलं नव्हतं, म्हणून एवढंच म्हणाली, "वडील जेवत नाहीयेत नीट. तुम्हाला कळवावंसं वाटलं." पलीकडून बरं म्हणून फोन ठेवला गेला.

महिना दीड महिना गेला. नव्या इमारतीच्या कलाकृतीचे प्रस्ताव कलाबाईच्या टेबलावर येऊन पडले होते, त्यातला एकही तिला धड बघवत नव्हता. अशात एका दुपारी लेक दारात उभी राहिली. तिला नोंदीची शिक्क्याची प्रत हवी होती. कलाबाईने प्रत काढून दिली. लेकीने 'सहकलाकार' या शब्दावर बोट टेकवलं, ओठ घट्ट मिटले आणि कागद पिशवीत ठेवला.

"घरी जाता का?" कलाबाईने विचारलं.

"रोज डबा देऊन येते. मी त्यांना माफ केलेलं नाही. बोलतही नाही फारसं. तेच बोलतात, आईबद्दल. पूर्वी कधी बोलायचे नाहीत. मी ऐकते, मग राग अनावर होतो आणि उठून निघते." ती जायला वळली, पण थांबली. "भिंतीवरची माणसं कोण कोण होती, तुमच्याकडे कुठे लिहिलेलं आहे का?"

"नाही. ते कधी कुणी विचारलंच नाही."

"बाबांना थोडी आठवतायत. आई घरी येऊन सांगायची त्यांना, आज कोण सापडलं ते. मी वहीत उतरवून घेतेय. सव्वीस झाली. बाकीची नाही आठवत म्हणतात."

कलाबाईने ड्रॉवरमधून भिंतीचे जुने फोटो काढले. पालिकेच्या मालकीचे होते, बाहेर द्यायची परवानगी नव्हती. तिने ते झेरॉक्स मशीनवर एकेक ठेवले आणि झाकण दाबून धरलं.