देवघराबाहेरच्या खिळ्यावर

मी पट्टा बोलतोय. कमरेचाच, पण पँट धरून ठेवणारा नव्हे. तसले पट्टे दुर्गदबैलच्या बाजारात हातगाडीवर ढिगानं लटकलेले असतात. मी सुताराचा पट्टा. माझ्या उजव्या अंगाला तीन घरं शिवलेली आहेत: पाव इंची पटाशीचं, अर्ध्या इंचीचं आणि इंचीचं. धारदार पातं दिवसभर माणसाच्या कमरेवर राहावं आणि त्याला ओरखडाही उठू नये, एवढ्यासाठीच मला जन्माला घातलं. ते काम मी चोख केलं. तरी माझा धनी आज लंगडतो, आणि येणारे-जाणारे माझ्याकडं बोट दाखवून म्हणतात, "पट्टा होता की याच्याकडं, मग लागलं कसं?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले. म्हणून बोलतोय, नाहीतर मी मुळात अबोल, आणि बोललोच तर जरा तिरकं.

माझा धनी दत्तात्रेय मेस्त्री. त्याचे आजोबा मिरजेकडून हुबळीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, कामावर कानडी, भांडताना दोन्ही. मी जन्मायच्या आधी तो पटाश्या फडक्यात गुंडाळून मागच्या खिशात घालायचा आणि सायकलवरून कामावर जायचा. नव्वद सालानंतरचे ते दिवस. नवनव्या वसाहतीत घरं उठत होती, दारं-खिडक्यांना मेस्त्री पुरत नव्हते. एका सकाळी सायकलवर टांग टाकताना फडकं सरकलं आणि पातं मांडीत गेलं. घरी येऊन बायकोला म्हणतो, "एन इल्ला, खरचटलंय थोडं." त्याला कुठंही लागलं की तोंडातून आधी कानडीच येतं, 'काही नाही' म्हणून.

बायकोचं नाव शालिनी. तिला तेव्हा दिवस गेलेले. तिनं पँट धुवायला घेतली आणि पाणी लाल होतच राहिलं. ती काही रडली-बिडली नाही. पिळलेली पँट दोरीवर टाकली आणि म्हणाली, "पटाश्या अशा खिशात घालून उद्यापासनं जायचं नाही. मी सांगून ठेवते."

शालिनी गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. जुन्या दप्तराचं जाड कापड घेऊन तिनं स्वतःच एक पिशवी शिवली. दोन दिवसांत पटाशीनं तळ फाडून खाली डोकं काढलं. मग दत्तात्रेयानं लाकडाची पेटी करून कमरेला बांधली. खाली बसला की ती बरगडीत घुसायची, आणि चालताना अशी खडखडायची की गल्लीतली पोरं मागं लागायची. शेवटी दोघं सटवाजीकडं गेले.

सटवाजी म्हणजे ज्यानं मला घडवलं तो माणूस. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचे. ऑटो आले, टांगे गेले, तेव्हा हा बाजारामागच्या बोळात पत्र्याखाली बसून पिशव्यांचे बंद आणि कुत्र्यांचे गळपट्टे शिवत असायचा. माप घ्यायला त्यानं टेप काढलाच नाही. दत्तात्रेयाला म्हणाला, "बस खाली."

"कुठं?"

"उकिडवा बस. कामावर काय दिवसभर उभाच असतोस? घोड्याचा साज घोडा उभा असताना बसतो, पळताना कळतं कुठं टोचतोय ते."

मग त्या बोळात जी गंमत झाली ती बघायला शेजारचा पानवालाही उठून आला. शालिनीनं पुठ्ठ्याचा तुकडा नवऱ्याच्या कमरेला धरायचा आणि सटवाजीनं हुकूम सोडायचे. बस, ऊठ, वाक, स्टुलावर चढ, सायकलवर टांग टाक. पुठ्ठा पुढं धरला तर वाकताना पोटात टोचायचा. पार मागं धरला तर हाताला सापडायचा नाही. अगदी कडेला सरळ धरला तर कोपर आपटायचं. शेवटी जागा ठरली: उजव्या कमरेला, किंचित मागं, तोंड जरा पुढं झुकलेलं. असं, की हात खाली सोडला तर आपसूक मुठीवर पडावा.

खरी अडचण शिवणीची होती. पटाशीची धार घरात जाता-येता टाक्यांवर घासणार आणि दोरा कापणार. सटवाजी मेणाचा दोरा बोटाला गुंडाळत विचार करत बसला. शालिनी म्हणाली, "काका, दोन पदरांच्या मधी एक जाड पट्टी घाला की. धार पट्टीला लागेल, टाका राहील बाहेर."

"बाई, तुम्ही ब्लाउज सोडा आणि माझ्याकडं या," सटवाजी म्हणाला.

तळाला त्यानं बुटाच्या तळव्याचं चामडं दुहेरी घातलं आणि त्याला बारीक भोक पाडलं, म्हणजे भुसा साचून पातं वर यायला नको. आधी प्रत्येक घरावर टिच बटणाची पट्टी होती. लाकूड धरलेल्या हातानं बटण कोण लावणार? ती काढून त्यानं घरांची तोंडंच घट्ट केली. पटाशी नुसती ठेवून जमायचं नाही, मूठ दाबून खाली रेटायची, की ती गच्च बसणार. मग मला उलटं धरून त्यानं चांगलं झाडलं. एकही पटाशी हलली नाही. स्वतःचंच कौतुक सांगू नये, पण मी झकास झालो होतो.

शालिनीनं एकच विचारलं. "ह्यांच्या अंगाला पातं लागणार नाही ना?"

"हा कमरेला असंतोवर नाही," सटवाजी म्हणाला.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. मुलगी झाली, वेदश्री. तिनं माझं टोक चावून चावून त्यावर दात आणले. दत्तात्रेय कानावर पेन्सिल ठेवून घरभर पेन्सिल शोधायचा, फूटपट्टीनं पाठ खाजवायचा, आणि गिऱ्हाइकाला "सोमवारी नक्की" म्हणताना कधीच कुठला सोमवार ते सांगायचा नाही. पण पटाशीच्या बाबतीत त्याचा हात शहाणा झाला. काम झालं की हात आपला खाली यायचा, घर शोधायचा, दाबायचा. डोळ्यांनी बघायची गरजच उरली नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

एका गोष्टीचा मात्र राग यायचा. खंडेनवमीला पटाश्या, करवत, रंधा सगळे धुऊन-पुसून देवापुढं मांडायचे. त्यांना हळद-कुंकू, त्यांना झेंडूची फुलं, त्यांना पेढा. मी त्या दिवशी बाहेर, चपलांच्या शेजारी. चामडं देवापुढं चालत नाही ना. पातं माणसाला कापतं ते चालतं, माणसाला कापू देत नाही ते चालत नाही. असो. सटवाजी त्या दिवशी प्रसादाला यायचा, तोही ओट्यावरच बसायचा. त्याला कुणी 'आत या' म्हटलं नाही, आणि त्यानंही कधी पाय उचलला नाही. आम्ही दोघं बाहेर बसून आतली घंटा ऐकायचो.

वेदश्री शाळेत जायला लागून बरीच वर्षं झाली होती तेव्हा देशपांडे नगरातलं काम आलं. वकील सुधींद्र यांचं घर. त्यांच्या आई शकुंतलाबाई यांना देवघरात सागवानी देव्हारा हवा होता, वर कोरीव कमान असलेला. बाई खरोखर चांगल्या होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. मेस्त्रीला चहा स्वतः आणून द्यायच्या, त्याच्या पोरीची चौकशी करायच्या. पहिल्या दिवशी दत्तात्रेय देवघराच्या उंबऱ्यावर आला तेव्हा संकोचून म्हणाल्या, "मेस्त्री, तेवढं चामड्याचं बाहेर ठेवता का? कोपऱ्यात देव मांडलेत, रोजची पूजा चालू आहे."

"व्हय की अक्का. मलाच कळाय पाहिजे होतं."

त्यानं मला सोडलं, व्हरांड्यातल्या खिळ्यावर अडकवलं आणि पटाश्या तेवढ्या हातात घेऊन आत गेला. मी रिकामा तिथं लोंबकळत राहिलो. सुरुवातीला सगळं काम जमिनीवरचं होतं. पटाश्या फळीवर ठेवल्या, फळीवरून उचलल्या, काही बिघडलं नाही.

मग कमान बसवायचा दिवस आला. तो स्टुलावर चढला. एका हातात कमान, दुसऱ्या हातात इंची पटाशी. खाच जरा तासून झाली, आणि कमान घसरायला लागली म्हणून दोन्ही हात हवे झाले. त्याचा शहाणा हात खाली आला, उजव्या कमरेला, किंचित मागं, डोळ्यांनी न बघता. आणि त्यानं पटाशी दाबून खाली रेटली, जशी इतकी वर्षं रेटत होता तशी. तिथं मी नव्हतो.

मला स्टूल पडल्याचा आवाज आला. मग कमान पडल्याचा. मग त्याचा आवाज, अगदी हळू, "एन इल्ला."

वकील कोर्टात होते. घरात शकुंतलाबाई एकट्या. त्या धावत बाहेर आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात लाल होते. त्यांनी शेजाऱ्यांना ऑटोसाठी हाक दिली, इकडं-तिकडं पाहिलं, आणि मला खिळ्यावरून ओढलं. त्याच हातांनी. उंबरा ओलांडून मला आत नेलं, जखमेच्या वर मांडीला गुंडाळलं आणि गुडघा टेकवून आवळलं. माझं कुठलंच भोक तिथं कामाला येईना, म्हणून ऑटो येईपर्यंत त्या म्हाताऱ्या बाईनं मला हातानं ओढून धरलं. पहिल्यांदा कुणीतरी मला देवघरात नेलं होतं. देवांकडं बघायला मला सवड झाली नाही.

तो वाचला. डॉक्टर म्हणाले, पातं मांडीत मागून खोल गेलं आणि पायाची नस तुटली. उजवं पाऊल आता उचललं जात नाही, चालताना बोटं फरशीवर घासतात. स्टुलावर चढणं संपलं, सायकल संपली.

शालिनी खाटेजवळ बसली होती. तिनं त्याला बोल लावला नाही. फक्त विचारलं, "पट्टा कुठं होता?"

"बाहेर ठेवला होता. देवघर होतं नव्हं."

खंडेनवमीला मला चपलांजवळ ठेवणारी तीच होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि तशीच बसून राहिली. त्या घटकेला मला तिची जेवढी दया आली तेवढी दत्तात्रेयाचीही आली नसेल.

सटवाजी घरी आला, ओट्यावर बसून ओल्या फडक्यानं माझ्यावरचं रक्त पुसत राहिला. शालिनी दारात येऊन म्हणाली, "काका, आत या." त्यानं मान हलवली. "नको बाई. इथंच बरं हाय मला."

पावसाळा उलटल्यावर वकील स्वतः स्कूटर घेऊन आले. देव्हारा तसाच अर्धवट होता. आईंनी दुसऱ्या कुणा मेस्त्रीला हात लावू दिला नव्हता. "आईनं सांगितलंय, पट्टा घालूनच या. आता कमान जमिनीवर ठेवूनच कोरायची, वर आम्ही दोघं-तिघं मिळून चढवतो."

दत्तात्रेय गेला. मी त्याच्या कमरेला, तिन्ही पटाश्या माझ्या पोटात. पाय घासत तो देवघराच्या उंबऱ्यापाशी आला आणि थांबला. शकुंतलाबाई आत उभ्या होत्या. "या मेस्त्री. तसेच या."

त्याचा हात माझ्या बक्कलावर गेला. "नको अक्का. माझ्याच्यानं व्हायचं नाही ते."

"मीच नेलाय तो आत. ह्या हातांनी."

"ते येगळं होतं. ती येळ येगळी होती."

बाई वाद घालत राहिल्या, रागावल्याही. तो खाली बघून ऐकत राहिला, आणि शेवटी त्यानं मला सोडून खिळ्यावर अडकवलंच. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. पण या वेळी त्यानं पटाश्या काढून नेल्या नाहीत. एकच काढली, अर्धा इंची. ती घेऊन आत गेला, तेवढं कोरलं, आणि पाय घासत परत बाहेर आला. माझ्या घरात ती दाबून बसवली. मग पाव इंची काढली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दिवसभर हेच. बोटं घासल्याचा आवाज आत जायचा आणि माझ्याकडं यायचा. शकुंतलाबाई दारात जपाची माळ घेऊन बसल्या होत्या, पण त्यांचा जप होत नव्हता. मधेच म्हणाल्या, "मेस्त्री, मला हे बघवत नाही." तो म्हणाला, "थोडंच राहिलंय अक्का."

देव्हारा पुरा झाला. सुंदर झाला म्हणे, मी पाहिलेला नाही. त्यानंतर दत्तात्रेयानं बाहेरची कामं सोडली. आता घरीच बसून पाट-चौरंग करतो, हत्यारं समोर मांडलेली असतात, आणि मी त्याच्या पाठीमागं भिंतीवर. माझं चामडं तडकायला लागलंय, शिवणीचा मात्र एक टाकाही उसवला नाही. कधीकधी कामाच्या नादात त्याचा हात अजून कमरेकडं जातो. तिथवर गेला की दचकतो, आणि तो पटाशी खाली ठेवून देतो.

मला आत घ्या असं मी म्हणत नाही. ज्यांनी 'आत या' म्हटलं त्यांनाही ते जमलं नाही आणि ज्यांना म्हटलं त्यांनाही जमलं नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझं मागणं छोटं आहे, आणि तुम्ही कुठल्याही घरचे असलात तरी ते तुम्हाला जमेल. कमरेचा पट्टा बाहेर काढून ठेवाल, तेव्हा पातंही त्याच्यातच राहू द्या. मला ज्या उंबऱ्यावर थांबवाल, तिथं त्यालाही थांबवा. एकट्याला आत पाठवू नका.