उल्काचा कान

उल्काच्या इंग्लंडातल्या घरात काहीही वाया जात नसे. म्हणजे अगदी काहीच नाही. साबणाच्या उरलेल्या चिपा एकमेकींना चिकटवून त्यांचा नवा साबण व्हायचा. तो तीन रंगांचा असायचा, आणि श्रीमंतांकडे असलाच साबण असतो अशी उल्काची पक्की समजूत होती. मार्जरिनच्या, म्हणजे लोण्याच्या स्वस्त भावंडाच्या, रिकाम्या डब्यांत डाळी, मोहरी, बटणं, खिळे, कालची भाजी, सगळं नांदायचं. खरं मार्जरिन हवं असेल तर पाच डबे उघडावे लागत. आंघोळ आठवड्यातून एकदा, एकाच टबात आणि एकाच पाण्यात. आधी उल्का, मग आई, मग बाबा. बाबा बस गॅरेजात बस धुवायच्या कामावर, त्यामुळे त्यांचा नंबर शेवटचा, आणि त्यांच्यानंतरच्या त्या पाण्याबद्दल न बोललेलंच बरं.

विजेचं मीटर पन्नास पेन्सचं नाणं खायचं, आणि टीव्हीवर चोर सापडणार इतक्यात त्याला हमखास भूक लागायची. झालं! घरभर अंधार. तिघंही जिन्याखालच्या मीटरकडे धावायचे, आई दारावर आपटायची, बाबा खो खो हसायचे आणि आई म्हणायची, "हसा, हसा! तुमचंच घर आहे, तुमचाच अंधार आहे!" चोर मात्र तेवढ्यात निसटलेला असायचा.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे बिनलेबलचे डबे.

गुरुवारच्या बाजारात एक लाल नाकाचा गोरा विक्रेता लेबलं फाटलेले, कुठंकुठं पोचे पडलेले पत्र्याचे डबे मातीमोल भावात विकायचा. आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसायचं आणि त्याला त्याची फिकीरही नव्हती. वैजयंतीबाई, म्हणजे उल्काची आई, शिवणाच्या फॅक्टरीतून सुटली की तिथं जाऊन पिशवी भरून आणायची. मग रोज संध्याकाळी लॉटरी! डबा टेबलावर यायचा, तिघं भोवती बसायचे, ओपनर फिरायचा. कधी अननस, कधी टोमॅटोचं सूप, कधी नुसती गाजरं. एकदा तपकिरी, जेलीत बसलेलं काहीतरी निघालं. बाबांनी चमचाभर खाऊन पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मीठ कमी आहे, पण मसाला घातला तर चालेल." आईनं वास घेतला आणि डबा शेजारच्या मिसेस पार्किनच्या कुत्र्याला नेऊन दिला. कुत्र्यानं तो मसाल्याशिवायच संपवला. बाबा मात्र दोन दिवस कुणी हाक मारली की भुंकून ओ द्यायचे.

या लॉटरीतूनच उल्काला आपल्या कानाचा शोध लागला. डबा कानाशी धरून हलवला की तिला कळायचं. बीन्स गप्प बसतात. तांदळाची खीर एकदाच आळसावून हलते. पीचच्या फोडी गदकगदक करतात. नऊ वर्षांची पोर, पण ओळीनं अकरा डबे तिनं बरोबर ओळखले. बाबा गॅरेजात सांगत सुटले. आई बाजारात जाताना तिला बरोबर नेऊ लागली आणि तो विक्रेता तिला पाहिलं की कपाळावर हात मारू लागला.

"आई, माझी कान कधी चुकत नाही," उल्का म्हणायची. तिचं मराठी असंच होतं, स्त्रीलिंग-पुल्लिंग सगळे एकाच रांगेत उभे. पण फुशारकी मात्र अस्सल होती.

आता १९८५ सालच्या जयंतीचं. चौदा एप्रिल त्या वर्षी रविवारी आली होती. गावातल्या मराठी माणसांच्या मंडळानं चर्चचा हॉल भाड्यानं घेतला होता, ऐंशी माणसं यायची होती. मंडळात डॉक्टर, इंजिनिअर, मोठमोठी माणसं. दर वर्षी कुणी काय आणायचं याची यादी व्हायची आणि डॉक्टरांच्या पत्नी प्रमोदिनीताई फार प्रेमानं म्हणायच्या, "वैजयंतीबाई, तुम्ही फॅक्टरीतून दमून येता. तुम्ही आपल्या कागदी प्लेटा आणा." चार वर्षं ओळीनं कागदी प्लेटा! त्या प्रेमाचा आईला असा राग यायचा की घरी येऊन ती कणीक तिंबायची नाही, बडवायची.

त्या वर्षी यादी होत असताना आई ताडकन उभी राहिली. "ताई, गोड मी आणते. ऐंशी माणसांचं. पीच आणि कस्टर्ड."

घरी आल्यावर मात्र ती बोटांवर हिशोब करू लागली. "अहो, ऐंशी माणसांचे पीच म्हणजे केवढे? दुकानातून घ्यायचे म्हटले तर..."

"मी आहे ना," उल्का म्हणाली.

गुरुवारी त्या विक्रेत्याकडे हॉटेलांचे असतात तसले सहा मोठे डबे आले होते. सहाही नागडे, एकालाही लेबल नाही. उल्कानं एकेक डबा मिठी मारून उचलला आणि हलवला. आत पाणी होतं आणि पाण्यात गोल, गुळगुळीत, जड काहीतरी गदकगदक करत होतं.

"पीच," ती म्हणाली. "सगळे पीच. डेफिनिटली."

बाबा म्हणाले, "एक घरी नेऊन उघडून बघू या का?"

"आणि उघडला की ठेवायचा कुठं? आपल्या फ्रीजमध्ये दुधाची बाटली उभी राहत नाही," आई म्हणाली. मग ती उल्कासमोर वाकली. "उल्के, नीट सांग. माझी लाज तुझ्या हातात आहे."

"माझे रोलर स्केट्स पैजेवर," उल्का म्हणाली. ते स्केट्स जंबल सेलमधले, म्हणजे जुन्या वस्तूंच्या विक्रीतले होते आणि एकाचं एक चाक फिरत नव्हतं, पण तिच्याकडे त्याहून मोलाचं काही नव्हतं. सहाही डबे त्यांनी जुन्या प्रॅममधून, म्हणजे बाबागाडीतून, घरी ढकलत आणले. ही प्रॅमही जंबल सेलचीच. तिच्यात बाळ कधीच बसलं नव्हतं, लाँड्रेटला न्यायचे कपडे तेवढे दर शनिवारी बसायचे.

"आणि हॉलमध्ये कुणासमोर बिनलेबलचे म्हणायचं नाही," आईनं वाटेत बजावलं. "जीभ कापून ठेवीन दोघांची."

रविवारी सकाळी आईनं नवी साडी नेसून, वर एप्रन बांधून पहिला डबा उघडला.

बटाटे. लहान, गोल, सोललेले, पाण्यात डुंबत असलेले बटाटे.

आईनं दुसरा उघडला. बटाटे. तिसरा उघडताना ओपनर घसरला आणि बाबा म्हणाले, "हा जड वाटतोय, हा पीच असणार." बटाटे. चौथ्यात वाटाणे निघाले, मोठाले, हिरवट, मऊ. पाचव्यातही तेच. सहाव्या डब्यावर बाबांनी दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाले, "निदान तू तरी." वाटाणे!

उल्काला वाटलं, जमिनीनं आपल्याला गिळावं. रविवार, दुकानं बंद. कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे चॉकलेटं आणि वर्तमानपत्रं, बस. नुसतं कस्टर्ड नेलं तर लोक म्हणतील, आजाऱ्यांना देतात ते ऐंशी माणसांना पाजलं. आई खुर्चीत बसली. तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून उल्का स्वतःच भोकाड पसरणार, तोच कळलं की आई हसतेय. आवाजच फुटत नव्हता तिला, डोळ्यांतून नुसतं पाणी गळत होतं.

"निदान तू तरी!" ती कशीबशी म्हणाली. "त्या डब्याला... हात जोडले हो तुम्ही!" आणि मग बाबा हसले, आणि मग दोघंही टेबल धरून हसत सुटले. उल्का मात्र हसली नाही. तिला एवढंच दिसत होतं की आता आईला पुन्हा जन्मभर कागदी प्लेटा.

आई उठली आणि तोंड धुऊन आली. "मसाल्याची बरणी काढा. कांदे किती आहेत? सगळे चिरा. उल्के, लसूण सोल, तुझ्या कानाला आता काही काम नाही."

मग त्या इवल्याशा स्वयंपाकघरात जे काही झालं त्याला युद्धच म्हणावं लागेल. नागपूरहून मावशीनं पाठवलेला काळा मसाला अर्धी बरणी संपला. बाबा कांदा चिरताना रडले, आई मिरच्या भाजताना खोकली, खिडक्या उघडल्या तर मिसेस पार्किन पलीकडून खोकली. रश्श्यावर बोटभर लाल तर्री आली तेव्हा बाबांनी एक घोट घेतला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बाप्पा! पीच कशाला हवेत?" वर घालायला फरसाण नव्हतं. उल्काच्या शाळेच्या डब्यासाठी आणलेली बटाट्याच्या क्रिस्प्सची बारा पाकिटं होती. ती आईनं पिशवीतच मुठीनं चुरली.

गोडासाठी मंडळाकडून आणून ठेवलेलं अवाढव्य पातेलं प्रॅममध्ये अगदी बेतानं बसलं. वर झाकण, झाकणावर ब्लँकेट, आणि तिघं फुटपाथवरून हलक्या पावलांनी निघाले. कोपऱ्यावर एक म्हातारी गोरी बाई थांबली. तिचा चेहरा मायेनं पाघळला.

"ओ, किती दिवसांचं आहे?" ती वाकून म्हणाली.

"दोन तासांचं," बाबा म्हणाले.

तिनं ब्लँकेट हलकेच बाजूला केलं आणि झाकणाच्या फटीतून आलेल्या वाफेनं ती दोन पावलं मागे गेली. उल्काला आता मात्र राहवलं नाही. ती इतकी हसली की प्रॅम जवळजवळ नाल्यात जाणार होती. हॉलचं दार दिसल्यावर मात्र तिचं हसणं पोटातच राहिलं.

हॉलमध्ये भाषणं झाली, वंदना झाली, जेवणाची टेबलं लागली. आईनं झाकण उघडलं. प्रमोदिनीताई चमचा आणि वाट्या घेऊन आल्या आणि थबकल्या.

"अहो, पण गोड होतं ना तुमच्याकडे?"

"बदल झाला," आई म्हणाली. एवढंच. तिचे कान लाल झाले होते. उल्का तिथून सटकली आणि कोट टांगले होते त्या दांडीमागे, ओल्या लोकरीच्या वासात जाऊन बसली. कुणी नाक मुरडलं तर आपल्याला ऐकूसुद्धा यायला नको म्हणून तिनं दोन्ही कानांत बोटं घातली.

बऱ्याच वेळानं बोटं काढली तेव्हा हॉलमध्ये वेगळाच गलका चालला होता. लोक नाकं पुसत होते. एक डॉक्टर पाणी पाणी करत होते आणि वाटी मात्र पुन्हा पुढे करत होते. कुणीतरी ओरडलं, "अरे, मुलांना आधी द्या, मोठ्यांनी तीन वेळा घेतलं!" पातेल्याजवळ रांग वळली होती. आणि प्रमोदिनीताई, डोळ्यांतून पाणी वाहत असलेल्या प्रमोदिनीताई, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होत्या, "वैजयंतीबाई, आठ वर्षांत मी इथं असलं काही खाल्लं नाही. हे सुचलं कसं तुम्हाला? आणि इतका वाटाणा आणलात कुठून?"

रांगेतली माणसंही आईकडे वळली. उल्का कोटांमागे आणखी आत सरकली. आता आई काहीतरी थाप मारणार, आणि तिला थाप मारता येत नाही, ती अडखळणार, आणि मग सगळ्यांना कळणार.

"उल्का कुठंय?" आई म्हणाली. "उल्के! बाहेर ये."

कोटांमधून उल्का बाहेर आली. तेवढं अंतर चालायला तिला फार वेळ लागला. आईनं तिला पुढ्यात उभं केलं आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. ते हात जेमतेम टेकले होते.

"खरं सांगते, ताई. बाजारात लेबल नसलेले डबे मिळतात, स्वस्तात. आम्ही नेहमी तेच खातो. हिनं हलवून सांगितलं की पीच आहेत. सकाळी उघडले तर बटाटे आणि वाटाणे."

"सगळे?"

"सहाच्या सहा."

मागे कुणाला तरी तोंडात घास असतानाच हसू फुटलं आणि सगळा हॉल हसला. डॉक्टर टेबलावर थाप मारत हसत होते, बाबा तर भिंत धरून. प्रमोदिनीताईंना बोलायला दम राहिला नाही. "आणि... आणि पोरीला मारलं नाहीत तुम्ही?"

"मारायचं कशाला?" आईचा आवाज चढला. "माझी पोर चुकली आणि ऐंशी माणसं बोटं चाटत जेवली. तुमच्यापैकी कुणाची पोर चुकून एवढं करत असेल तर घेऊन या, मी बघते!"

हशा पुन्हा उसळला, पण उल्काला तो ऐकूच आला नाही. तिला फक्त खांद्यांवरचे ते हात कळत होते, आणि ते आता तिला घट्ट धरून होते.

प्रमोदिनीताईंनी डोळे पुसले, इकडं तिकडं पाहिलं आणि आईच्या कानाशी लागून विचारलं, "कुठल्या वारी भरतो हो तो बाजार?"

"गुरुवारी," आई म्हणाली, तेही मोठ्यानं. एरवी जेवणं झाली की ती हॉलच्या स्वयंपाकघरात भांडी घासत उभी राहायची, निघायची वेळ होईपर्यंत. आज तिनं एक खुर्ची ओढली, बायकांच्या मधोमध ठेवली आणि पदर सावरून ऐसपैस बसली.

"उल्के," ती म्हणाली, "मला वाढून आण गं. सकाळपासून काही खाल्लं नाही मी."

पातेलं कधीच रिकामं झालं होतं. उल्कानं तीन पुऱ्या, लोणचं आणि कुणाच्या तरी डब्यातला गुलाबजाम आणला. आईनं गुलाबजाम आधी खाल्ला.